अंगणात रोवलेलं नेट

"गुरुवारी तुझं नेट अडखळलं, तर माझं नाव मनोज नाही," असं मनोजने सोमवारी जेवताना जाहीर केलं.

मृणाली लेकीच्या, तनूच्या भातातला माशाचा काटा शोधत होती, आणि नवऱ्याने नाव पणाला लावलं की आपण गप्प राहायचं, हे तिला अनुभवाने कळलं होतं. याआधी त्याने असंच नाव पणाला लावून गिझर दुरुस्त केला होता. तेव्हापासून घरात सगळे गार पाण्याने अंघोळ करतात, आणि त्याचं नाव अजून मनोजच आहे.

पण या वेळी गप्प राहणं जड जात होतं. लग्नानंतरही ती कामतघरच्या शाळेत गणित शिकवायला जायची. तनू झाली आणि शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी सोडायला लावली नाही. रोज सकाळी दारात तनू पदराला धरून जे काही तोंड करायची, ते तोंड ओलांडून जाणं मृणालीला जमलं नाही. आता तनू दीड वर्षांची होती, आणि मृणालीला पुण्याची एक ऑनलाइन शिकवणी कंपनी सापडली होती. घरात बसून शिकवायचं, तनू झोपेल तेव्हा. फक्त आधी एक नमुना तास घेऊन दाखवायचा.

तो तास तिने मागच्या आठवड्यात घेतला होता. म्हणजे, घेतला असं तिला वाटलं होतं. अर्धा तास ती जीव तोडून अपूर्णांक समजावत होती. नंतर कळलं की कंपनीच्या मॅडमना सुरुवातीचं 'नमस्कार' ऐकू आलं, आणि पुढे अर्धा तास मृणालीचा एक डोळा मिटलेला आणि तोंड उघडं असा फोटो दिसत राहिला. मॅडम भल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'तुम्हाला गुरुवारी सकाळी अकरा वाजता आणखी एक संधी देऊ. मात्र ती शेवटची.'

यात नेटचाही तसा दोष नव्हता. कशेळीत रस्त्याच्या या अंगाला गोदामं, त्या अंगाला गोदामं, आणि मधे जी पट्टी उरली तिच्यात गाव. जमिनीचे पैसे आले तेव्हा मृणालीच्या सासऱ्यांनी घर असं बांधून घेतलं की उद्या एखादा ट्रेलर वाट चुकून आला तर ट्रेलर मोडावा. त्या भिंतींतून आवाज जात नाही, उकाडा जात नाही, तिथे नेट काय जाणार? राऊटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे. तिथून निघालेलं नेट मागच्या खोलीत पोचेपर्यंत लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी आणि फ्रिज यांना आपटत यायचं. आलं तरी दारातच बसकण मारायचं. केबलवाल्याला सांगून झालं होतं. "भाभी, दो दिन में आदमी भेजता हूँ," म्हणाला होता. ते दोन दिवस दिवाळीच्या आधी सुरू झाले होते आणि अजून संपायचे होते.

तर मनोजने व्हिडिओ बघितले. एक बघितला, दहा बघितले. सगळ्यांत एकच उपदेश होता: राऊटर उंच आणि मोकळ्या जागी ठेवा.

"घरातली सगळ्यात मोकळी जागा कुठली?" त्याने विचारलं.

"गच्चीवर जाणारा जिना?" मृणाली म्हणाली.

"अंगण," मनोज म्हणाला. "आणि अंगणात सगळ्यात उंच काय?"

"काही नाही."

"तेच तर. ते आपण आणायचं."

बुधवारी तो दीड दिवसाची रजा टाकून गोदामावरून येताना एक हिरवागार बांबू घेऊन आला. तो गोदामात सुपरवायझर आहे. तिथे शेजारी नवीन शेड उभी राहत होती, तिच्या परांचीतला एक बांबू त्याला कुणीतरी हसत हसत दिला. मागच्या खोलीच्या खिडकीसमोर त्याने खड्डा खणला, बांबू रोवला, वरच्या टोकाला वेताची टोपली बांधली, आणि टोपलीत राऊटर ठेवला. वायरी खिडकीतून आत ओढून घेतल्या. कावळ्यांनी चोच मारू नये आणि ट्रेलरची धूळ बसू नये म्हणून टोपलीवर सासूबाईंच्या ढिगातला एक पिवळा ब्लाउजपीस गुंडाळला.

आणि सांगायला आश्चर्य वाटतं, नेट आलं. मागच्या खोलीत आलं, भरभरून आलं. तनू दुपारी झोपली, तशी मृणालीने लॅपटॉप उघडला. एकही गोल फिरला नाही. मग तनूचा सुटलेला हात आपल्या मांडीवर घेऊन तिने हळू आवाजात अपूर्णांकांची उजळणी केली, झोपलेल्या लेकीला अर्धं आणि पाव समजावत. तनूने झोपेतच ओठ चोखले. मृणालीला ती 'समजलं' म्हणाल्यासारखी वाटली. विद्यार्थ्यांच्या बाबतीत एवढी समाधानी ती शाळेतही कधी झाली नव्हती.

इथवर ठीक चाललं होतं. गुरुवारी सकाळी सासूबाई अंगणात आल्या.

सीताबाईंचा एक नियम आहे. घरात नवीन काही आलं की त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय ते चालू करायचं नाही. फ्रिजला लागलं होतं, बोअरिंगच्या मोटरला लागलं होतं, मनोजच्या बाइकला इतकं लागलं होतं की नंबर वाचता येईना म्हणून पोलिसाने थांबवली होती. मग सुनेच्या नोकरीचा बांबू कोरा ठेवतील? त्यांनी बुंध्याशी पाणी शिंपडलं, हळदकुंकवाची बोटं ओढली, नजर लागू नये म्हणून आंब्याची डहाळी बांधली आणि नारळ फोडला.

"आता जातंय बग तुजं नेट पुन्यापावत," त्या म्हणाल्या, आणि मृणालीला खरोखर भरून आलं.

पण जरा त्या अंगणाकडे रस्त्यावरून बघा. हिरवा बांबू. आंब्याची डहाळी. पिवळं कापड. हळद, कुंकू, नारळ. आणि घरात एकोणतीस वर्षांचा भावेश, मनोजचा धाकटा भाऊ, ज्याच्यासाठी दोन वर्षं मुली बघणं चाललंय. आमच्या गावांत लग्नघराच्या दारी मांडवाची पहिली मेढ रोवतात ती अशीच. हे दृश्य पाहून ज्याला इंटरनेट आठवेल, असा माणूस कशेळीत अजून जन्माला यायचा आहे.

हौसाकाकू मासळी घेऊन परतत होत्या. त्यांनी बघितलं, टोपली खाली ठेवली, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: 'सीताबायच्या दारी मेढ लागली. आपल्याला कोन इचारतो.'

नवरदेवाला फोन करून कुणी खात्री करून घ्यावी, तर भावेश सकाळच्या शिफ्टला. त्याच्या गोदामात फोन गेटवरच काढून घेतात. लग्न ठरलेला माणूस फोन उचलत नाही याचा अर्थ गावाने काढायचा तोच काढला.

सगळ्यांत आधी आल्या पुतळाबाई धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. तिने गाऊन लावल्याशिवाय आमच्याकडे लग्नाला लग्न म्हणत नाहीत, आणि पुतळाबाईंनी या घरातली तीन पिढ्यांची लग्नं गायली होती. त्या थेट बांबूसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सीताबाय, मना बोलावलं न्हायस."

"अगो पुतळाबाय, बोलवू कशाला? लगीन न्हाय ते. नेट हाय."

"नेट?"

"मुबायलचं."

"मंग नेटाला हलद कुनी लावली?"

"मीच."

"आन नारल?"

"तोबी मीच."

"आन लगीन न्हाय," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी ओट्यावर बसकण मारली, पदर सावरला आणि गायला सुरुवात केली. रागावून गात होत्या, पण गात होत्या. मेढ दिसली आणि धवला गायला नाही असा डाग त्यांना आपल्या नावावर नको होता.

धवल्याचा आवाज ऐकल्यावर ज्यांना शंका होती त्यांचीही गेली. बायका आल्या. चुलतसासरे केसरीनाथ आले. ते आत येईनात. लग्न ठरवताना घरच्या वडीलधाऱ्याला विचारलं नाही म्हणून ते अंगणाच्या कोपऱ्यात घराकडे पाठ करून रुसून बसले. रुसून बसायला खुर्ची त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. सीताबाई प्रत्येकाला "नेट हाय हो, नेट" म्हणून सांगत होत्या, आणि सांगता सांगता चहाचं आधण वाढवत होत्या. ज्या घरात एवढा चहा उकळतोय तिथे लग्न नाही, हे कोण मानेल?

मनोजही सांगू शकला असता. पण खाडीचा वारा सुटला होता, खड्डा उथळ निघाला होता, आणि बांबू डोलायला लागला की राऊटरची वायर सैल व्हायची. म्हणून त्याने बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

"बग कसा मोठा भाव," एक बाई डोळे पुसत म्हणाली. "मेढ धरून उभा हाय."

आत मृणाली लॅपटॉपसमोर बसली होती. केस नीट, साडी नीट, समोर ताटलीत तांदळाची एक गोल भाकरी. अपूर्णांक ती भाकरीवर शिकवणार होती. अकराला थोडा वेळ होता आणि नेट उत्तम होतं. मग ते जरा कमी झालं. मग आणखी कमी. मग स्क्रीनवर तो ओळखीचा गोल फिरायला लागला.

तिने खिडकीतून पाहिलं. अंगणात प्रत्येकाच्या हातात फोन होता. एक बाई खारबावच्या बहिणीला व्हिडिओवर मेढ दाखवत होती. दुसरी नालासोपाऱ्याच्या लेकीला. हौसाकाकू मेढ, धवलारीण आणि केसरीनाथांची पाठ असं सगळं फिरून फिरून कुणालातरी दाखवत होत्या.

"अहो," मृणालीने गजांतून हाक मारली, "यांना नेट कुठून मिळालं?"

"पाहुणे आहेत," मनोज बांबूच्या आडून म्हणाला. "पासवर्ड मागितला. नाही कसं म्हणणार?"

"सगळ्यांना दिलात?"

"ओरडून दिला. हात मोकळे नव्हते."

मृणाली बाहेर आली. तनू पुतळाबाईंच्या मांडीवर होती. कुणीतरी तिच्या दोन्ही गालांना हळद फासली होती आणि ती टाळ्या वाजवत होती. तो पिवळा चेहरा बघून मृणालीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. ही आपली पोर, हिच्याचसाठी शाळा सुटली, हिच्याचसाठी ही नोकरी हवी, आणि नोकरी समोर गोल गोल फिरतेय.

"काकू, मावशी, जरा ऐका," ती म्हणाली. "हे लग्न नाही. माझी नोकरीची मुलाखत आहे. थोडा वेळ फोन बंद ठेवा, एवढं करा."

कुणी हललं नाही. हौसाकाकूंनी तिला फक्त कॅमेऱ्यात घेतलं. "ही नवरदेवाची वयनी," त्यांनी पलीकडच्याला सांगितलं. "लाजते."

खरं सांगून झालं होतं. सासूबाईंचं सांगून झालं होतं, तिचं झालं होतं. मृणालीने एकदा बांबूकडे बघितलं, एकदा तनूकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या गावाशी एकदम खोटं बोलली.

"बरं," ती आवाज खाली आणून म्हणाली, "मुलीकडचे पुण्याहून ऑनलाइन येतायत. आत्ता. त्यांनी गोंगाट ऐकला, तर काय म्हणतील?"

धवला मधेच थांबला. फोन एकामागून एक बंद होऊन पदराखाली गेले. केसरीनाथांनी खुर्ची घराच्या दिशेने फिरवली. कशेळीच्या अंगणात इतकी शांतता पडली की हायवेचा ट्रेलर कुठला गिअर टाकतोय ते कळावं.

मृणाली आत धावली. गोल थांबला आणि मॅडम दिसल्या. स्वच्छ, ठळक, भुवयांसकट.

"वा, आज नेट छान आहे," मॅडम म्हणाल्या. "समजा, मी सहावीतली मुलगी आहे. मला वाटतं, दोनापेक्षा चार मोठे, म्हणून अर्ध्यापेक्षा पाव मोठं. मला समजवा."

मृणालीने भाकरी उचलली. आधी अर्धी मोडली, मग पाव. दोघांत वाटली तर केवढी, चौघांत वाटली तर केवढी, ती दाखवत गेली, विचारत गेली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा शाळेतला आवाज तिच्याच कानांवर आला. तिला तो फार आवडला.

"म्हणजे वाटेकरी वाढले की काय होतं?" तिने विचारलं.

"वाटा बारीक व्हतो," उत्तर आलं.

ते मॅडमनी दिलं नव्हतं. खिडकीला आठ-दहा चेहरे चिकटले होते, मधोमध हौसाकाकू.

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

मृणालीला पुढचं खोटं सुचायला वेळ लागला नाही. "पालक आहेत, मॅडम." आणि ते खोटं तरी कुठे होतं? त्या अंगणात कुणाचंही पालक नसलेलं माणूस एकच, तनू.

"अरे वा. पालक एवढा रस घेतात?" मॅडम खुलल्या. "नमस्कार."

खिडकीतून दहा नमस्कार झाले. आणि पुतळाबाईंनी, ज्यांना लग्नाच्या बोलण्यात आडवळणं ठाऊक नाहीत, गजांतून तोंड पुढे काढून विचारलं, "तुमची पोर काय करते हो?"

"माझी मुलगी?" मॅडमना हा प्रश्न गोड वाटला. "दहावीला आहे."

खिडकीतले चेहरे एकमेकांकडे वळले. मृणालीने विजेच्या वेगाने आवाजाचं बटण बंद केलं, आणि पुढच्याच क्षणी पुतळाबाई फुटल्या.

"धाव्वीतली पोर? धाव्वीतल्या पोरीचं लगीन लावता? पुन्याची शिकलेली मानसं तुमी. पोरीला अठरा लागाची हायत का न्हाय? पोलीस नेतील आमच्या भावेशला! मी गानार न्हाय, सांगून ठेवते. आन हलद लागली तरी ह्यो बांबू मी उपटीन."

मॅडमना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की एक म्हातारी पालक गजांतून हात काढून त्यांच्यावर बोट नाचवतेय, आणि मागे कुणी माणूस खांबाला मिठी मारून थरथर कापतोय.

मृणाली खिडकीशी गेली. पुतळाबाईंचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आजी, ह्या मुलीच्या आई नव्हेत. मावशी आहेत. मुलगी सव्वीसची आहे, बँकेत आहे."

पुतळाबाई थांबल्या. चेहऱ्यावरचा राग जिथे होता तिथेच वळून हसू झाला. "मंग आदी सांगाचं ना," त्या म्हणाल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि स्क्रीनकडे बघून मॅडमना असे काही हात जोडले की मॅडमनीही उठून जोडले.

तास संपला. मॅडमनी 'कळवतो' म्हटलं. त्यांच्या तोंडावरून काही कळेना; निवड झाली नाही तरी लोक असंच हसतात. मृणालीने लॅपटॉप मिटला आणि उरलेली पाव भाकरी उभ्याउभ्या खाल्ली.

संध्याकाळी भावेश शिफ्टवरून आला. गेटवर फोन हातात पडला तेव्हापासून त्याचं अभिनंदन चाललं होतं.

"वहिनी," त्याने दारातच विचारलं, "माझी बायको बँकेत आहे म्हणे. कुठल्या ब्रँचला, तेवढं तरी सांग."

मग सगळ्यांना सगळं समजावून सांगण्यात दोन दिवस गेले. पुतळाबाई रागावल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की एकदा धवला गायला गेला की मेढ लग्नाआधी उपटायची नाही. आता भावेशने काय करायचं ते करावं. केसरीनाथांनी तर त्याच खुर्चीत बसून मुलगी शोधण्याची सूत्रं हातात घेतली. बांबू जागच्या जागी राहिला, आणि मनोज सगळ्यांना सांगत सुटला की आपण लावलेली वस्तू साधीसुधी निघत नाही.

शनिवारी मॅडमचा फोन आला. तनू नुकती झोपली होती, म्हणून मृणाली ओट्यावर जाऊन हळू बोलली.

"अभिनंदन. तुमची निवड झाली," मॅडम म्हणाल्या. "मात्र गणितासाठी नाही. गणिताला आमच्याकडे पुष्कळ जणी आहेत. पण त्या दिवशी ती आजी एवढी चिडली होती, आणि तुम्ही जाऊन एक वाक्य बोललात, तर ती हात जोडायला लागली. तसली बाई आमच्याकडे नाही. तुम्ही पालकांच्या तक्रारी घ्या. रोज दोन तास, घरूनच. नेमकं काय म्हणालात हो त्यांना?"

"काही नाही, मॅडम," मृणाली म्हणाली. "त्यांना हवं होतं तेच."

फोन ठेवून ती आत आली. हसावं की अपूर्णांकांसाठी हळहळावं, हे तिला ठरवता येईना. सीताबाई भाकऱ्या थापत होत्या.

"काय झालं गो?"

"नोकरी लागली, आई. शिकवायची नाही. लोक चिडून बोलतात ते ऐकून घ्यायचं, आपण उलट बोलायचं नाही, आणि गोड बोलून त्यांना शांत करायचं."

सीताबाईंचा हात भाकरीवर थांबला. लग्न होऊन या घरात आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली होती.

"याचा पगार देतान?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

सीताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि हाताचं पीठ झटकलं.

"अजून एक जागा हाय का," त्या म्हणाल्या, "इचार त्या बाईला."